पुण्यात राहून व्हीगन होताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दूध-तूप सोडायचा विचार करणाऱ्यांसाठी हे पान आहे. ज्यांनी सोडलंय आणि आता घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या, डॉक्टरांच्या प्रश्नांना काय उत्तर द्यावं ते सुचत नाही, त्यांच्यासाठीही आहे. मी कोथरूडमधल्या साध्या मराठी घरात राहते आणि बरीच वर्षं व्हीगन आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्या जेवणातला मोठा भाग मुळात वनस्पतींचाच आहे, त्यासाठी परदेशी पाकिटं आणावी लागत नाहीत. अडतं ते दुधापाशी, आणि दुधाभोवती जी माया गुंतलेली असते तिच्यापाशी. त्यामुळे खाली दुधाबद्दल बरंच लिहिलंय, बाकीचं थोडक्यात.

शाकाहारी आणि व्हीगन यांत फरक काय?

शाकाहारी माणसाला दूध, दही, तूप, मध चालतं. व्हीगन माणूस तेही घेत नाही. चामडं, रेशीम, लोकर, मोती वापरत नाही. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी व्हीगन सोसायटी स्थापन केली. त्या सोसायटीच्या व्याख्येत ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तिथवर’ अशी अट आहे. ती मला फार महत्त्वाची वाटते. हे सोवळं नाही. प्राण्यांना आपल्यामुळे होणारा त्रास जमेल तेवढा कमी करायचा, एवढंच.

गाय आपण घरच्यासारखी सांभाळतो. दुधात हिंसा कुठे आली?

हा प्रश्न सगळे विचारतात आणि मनापासून विचारतात, म्हणून नीट उत्तर देते.

गाय किंवा म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही. दूध चालू ठेवायचं तर तिला पुन्हा पुन्हा गाभण ठेवावं लागतं, आणि आज ते बहुतेक ठिकाणी कृत्रिम रेतनाने होतं. होणाऱ्या वासरांत साधारण निम्मे गोऱ्हे असतात. पूर्वी गोऱ्हा मोठा होऊन औताला लागायचा, त्याला घरात किंमत होती. आता नांगरट ट्रॅक्टरने होते. त्यात होल्स्टिन किंवा जर्सी संकराच्या गोऱ्ह्याला धड वशिंड नसतं, जू नीट बसत नाही, आपल्या उन्हात त्याला काम झेपत नाही. जो दूध देणार नाही आणि काम करणार नाही, त्याला चारा कोण घालणार? बहुतेकदा कोणी घालत नाही.

पुण्याजवळ उरळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही संस्था सुरू केली. शेतकऱ्याच्या दारात कृत्रिम रेतनाची सोय नेऊन संकरित गायी वाढवण्याचं मोठं काम तिने केलं आणि त्यातून असंख्य घरांत रोजचा पैसा आला. ते काम कमी लेखायचं नाही. पण त्याच वाटेवर नको असलेल्या गोऱ्ह्यांचा प्रश्नही वाढला, हेही खरं आहे.

राज्यात गायीच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती. २०१५ मध्ये ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. त्याने भाकड गायीची किंवा गोऱ्ह्याची सोय झाली असं मात्र नाही. ती जनावरं मोकाट सोडली जातात, रस्त्यावर प्लॅस्टिक खातात किंवा दाव्याला उपाशी राहतात. म्हशी-रेड्यांच्या कत्तलीवर तशी सरसकट बंदीही नाही, आणि आपल्याकडे म्हशीचं दूध भरपूर विकलं जातं. म्हणजे दुधाचा धंदा आणि मांसाचा धंदा ही दोन वेगळी दुकानं नाहीत. मांस न खाणाऱ्या घरात हे कळलं की मन खट्टू होतं. माझंही झालं होतं.

मग दूधवाल्या शेतकऱ्याचं काय? त्याच्या पोटावर पाय द्यायचा?

नाही. शिरूर, इंदापूर, बारामतीकडच्या लहान शेतकऱ्याला उसाचे किंवा कांद्याचे पैसे कधी मिळतील याचा भरवसा नसतो. दुधाचं बिल मात्र दहा दिवसांनी हातात पडतं. मुलांची फी त्यातून जाते. शहरात बसून त्याला नावं ठेवणं मला मुळीच पटत नाही. दूध रस्त्यावर ओतायची वेळ त्याच्यावर अनेकदा आली आहे, ती व्हीगन लोकांमुळे नव्हे. दर पडतात, पेंड महागते, मधल्या साखळीत पैसे अडकतात.

माझ्या हातात आहे ते इतकंच, की माझा पैसा मी त्याच्याच दुसऱ्या पिकाकडे वळवावा. शेंगदाणा, तीळ, जवस, नाचणी, मटकी, सोयाबीन हे सगळं त्याच रानात येतं. भीमथडी जत्रेत किंवा शेतकरी बाजारात थेट त्याच्याकडून घेता येतं.

मराठी जेवण जेवून हे जमतं का?

जमतं, आणि सहज जमतं. पिठलं-भाकरी, ठेचा, झुणका, भरली वांगी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची आमटी, अळूचं फदफदं, कोथिंबीर वडी, थालीपीठ, पोहे, मसालेभात, कटाची आमटी. यांतल्या कशातही मुळात दूध नाही. तूप किंवा लोणी वरून येतं, ते वरूनच काढता येतं. खमंग काकडी दाण्याचं कूट आणि लिंबू घालून होते, तिला दही लागत नाही. सोलकढी तर नारळाचं दूध आणि आमसुलांची. देशावरच्या कोरडवाहू घरांत रोजच्या जेवणात दूध कधी भरपूर नव्हतंच. तिथल्या बायकांनी तेल, शेंगदाणे, कारळं, जवस आणि खोबरं यांवर जी चव उभी केली, तिचा मला अभिमान वाटतो.

‘व्हीगन म्हणजे ॲव्होकाडो आणि किन्वा’ अशी जी समजूत झाली आहे तिने फार नुकसान केलंय. एकदा बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि हुलग्याचं माडगं जेवून बघा.

सुरुवात कुठून करू?

नाश्त्यापासून. पोहे, उपमा, धिरडी, घावन यांत फरक करावाच लागत नाही. मग दुपारचा डबा, मग रात्रीचं जेवण. चहा सगळ्यात शेवटी ठेवा. बहुतेक लोक पहिल्याच दिवशी चहाशी झगडायला जातात आणि आठवड्यात सगळंच सोडून देतात.

बी-१२ ची गोळी मात्र पहिल्या दिवसापासून. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय, तो भाग वगळू नका.

चहाचं काय करायचं?

पुण्यात हा प्रश्न लहान नाही. अमृततुल्यच्या टपरीवर पितळी पातेल्यात आलं-वेलची ठेचून उकळणारा चहा हा इथल्या दिवसाचा भाग आहे. ऑफिसातली मैत्री त्याच्यावर चालते.

टपरीवर सरळ ‘कोरा चहा, आलं घालून’ म्हणा. बहुतेक जण देतात, काही जण लिंबूही पिळून देतात. घरी कोरा चहा करताना एक लक्षात ठेवा. आपली चहा पावडर दुधात खळाखळा उकळण्यासाठीच असते. ती तशीच पाण्यात उकळली तर कडूजहर होते. पावडर निम्मी घ्या, आलं आणि गवती चहा आधी उकळून घ्या, गॅस बंद करून पावडर टाका, झाकण ठेवा, दोन-तीन मिनिटांत गाळा.

दुधाचाच चहा हवा असेल तर ओट्सचं दूध आपल्या कडक चहाला चांगलं लागतं. सोयाचं दूध फाटतं अशी तक्रार सर्वांची असते. उकळत्या, आंबटसर चहात थंड दूध ओतलं की ते फाटणारच. चहा पूर्ण उकळून गॅस बंद करायचा, दूध वेगळं कोमट करायचं आणि शेवटी घालायचं. नंतर पुन्हा उकळी आणायची नाही. काजूचं दूध घरी सोपं: मूठभर काजू भिजवून बारीक वाटायचे, गाळायचीसुद्धा गरज नाही. ते गरम केल्यावर दाटतं, म्हणून पातळच ठेवा.

नवी चव जिभेवर बसायला काही आठवडे लागतात. मला आता गायीच्या दुधाच्या चहाचा वास जड वाटतो, पण हे कोणाला पहिल्या दिवशी सांगून पटत नाही.

दही आणि ताकाशिवाय जेवण पूर्ण वाटत नाही. काय करू?

शेंगदाण्याचं दही लावा. एक वाटी शेंगदाणे रात्रभर भिजवायचे, सालं काढायची, तीन वाट्या पाण्यात एकदम बारीक वाटून फडक्यातून गाळायचं. ते दूध मंद आचेवर ढवळत उकळायचं, जरा दाट झालं की उतरवायचं. बोट सोसेल इतकं कोमट झाल्यावर विरजण. पहिल्या वेळी विरजण म्हणून हिरव्या मिरच्यांची देठं घालतात. देठांवर दही लावणारे जिवाणू असतात. आठ-दहा देठं पुरतात. हे पहिलं दही थोडं कच्चट लागतं, त्यातलं दोन चमचे घेऊन दुसरं लावा, ते छान होतं. पुण्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत भांडं शालीत गुंडाळून डब्यात ठेवावं लागतं, नाहीतर सकाळीही पातळच असतं.

या दह्याची कोशिंबीर, दहीबुत्ती, मठ्ठा सगळं होतं. कढी करताना बेसन थोडं जास्त घ्या आणि आच मंद ठेवा. नारळाच्या दुधाचं दही गोडसर लागतं, ते वेलची-केशर घालून खायला चांगलं. कढीला मुळीच नाही.

आणि तूप? वरणभातावर काय?

लाकडी घाण्याचं शेंगदाणा किंवा तिळाचं तेल, कच्चं, अर्धा चमचा, वर लिंबू. तूप नाही हे कळतं, पण जेवण अपुरं वाटत नाही. गोडाला खोबरेल चालतं, वास नको असेल तर रिफाइंड घ्या. देवापुढचं निरांजन तिळाच्या तेलाचं लावता येतं.

पनीरच्या जागी टोफू. पाकिटातून काढून थेट भाजीत टाकलात तर पाणचट लागणारच. फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवा, अर्धा तास पाणी निथळू द्या, मग हळद-तिखट-मीठ लावून तव्यावर परता.

प्रथिनं मिळतात का? मी व्यायामही करतो.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. साठ किलोच्या माणसाला म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. आता हिशेब करू. कच्च्या डाळी-कडधान्यांत १०० ग्रॅममागे साधारण २० ते २४ ग्रॅम प्रथिनं असतात. दोन्ही जेवणांत मिळून १०० ग्रॅम कच्च्या डाळी-कडधान्यांचं वरण-उसळ, दिवसभरात पाव किलोच्या आसपास पीठ-तांदूळ, वर मूठभर शेंगदाणे, एवढ्यात गरज भागते. पण अट अशी की डाळ खरोखर खायला हवी. आपल्याकडे चार माणसांत वाटीभर तुरीचं वरण आणि ताटभर भात असतो, घोळ तिथे आहे.

व्यायाम करणाऱ्यांनी सोयाबीन आणावं. सोयाच्या वड्यांत १०० ग्रॅममागे सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं असतात. पुण्याची आघारकर संशोधन संस्था अनेक वर्षं सोयाबीनवर काम करते आहे. तिथला ‘एमएसीएस १४०७’ हा वाण २०२१ मध्ये जाहीर झाला. इतकं सोयाबीन पिकवणाऱ्या राज्यात ते माणसांच्या ताटात मात्र फारसं दिसत नाही. गव्हाच्या दळणात पाच किलोला अर्धा किलो भाजलेलं सोयाबीन टाका, पोळीत फरक कळत नाही.

बी-१२ चं खरं काय आहे?

इथे मी कुठलीही सवलत देत नाही. व्हीगन असाल तर बी-१२ ची गोळी घ्यायचीच, कायम.

हे जीवनसत्त्व प्राणी तयार करत नाहीत, वनस्पतीही नाहीत, जिवाणू करतात. वनस्पतींच्या खाण्यात त्याचा भरवशाचा स्रोत नाही. स्पिरुलिना, आंबवलेली इडली, मोड, सेंद्रिय भाजीवरची माती यांची नावं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेल. स्पिरुलिनात जे असतं ते मुख्यतः बी-१२ सारखं दिसणारं, पण शरीराला न चालणारं रूप. यकृतात बी-१२ चा साठा असतो आणि तो काही वर्षं पुरू शकतो. म्हणूनच ‘मला दोन वर्षांत काही झालं नाही’ या वाक्याला अर्थ नाही. हातापायांना मुंग्या, जीभ लाल होणं, थकवा, विसरभोळेपणा ही लक्षणं दिसेपर्यंत मज्जातंतूंना इजा झालेली असू शकते, आणि सगळी इजा भरून येईलच असं नाही.

पुणेकरांनी तर याकडे जास्तच लक्ष द्यावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश बायकांमध्ये बी-१२ कमी आढळलं. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट (बी गटातलंच दुसरं जीवनसत्त्व, गोळीत ते फोलिक ॲसिड म्हणून असतं) जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. त्या बायका व्हीगन नव्हत्या. कपभर दुधाने बी-१२ चा प्रश्न सुटतो ही आपली समजूत इथेच कोसळते. मला वाटतं, शाकाहारी घरातल्या प्रत्येकाने ही तपासणी करावी, मग दूध सोडो वा न सोडो.

किती घ्यायचं? ब्रिटनची व्हीगन सोसायटी रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅमची गोळी सुचवते. आठवड्याचा आकडा इतका मोठा वाटतो कारण एका वेळी शरीर त्यातलं अगदी थोडंच शोषून घेतं. तपासणीत आधीच कमतरता निघाली तर हे प्रमाण पुरत नाही, डॉक्टर इंजेक्शनं देतील, ती घ्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल किंवा पित्तासाठी वर्षानुवर्षं पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या चालू असतील, तर बी-१२ आणखी कमी शोषलं जातं. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. आणि डॉक्टरांना न विचारता नुसत्या फोलिक ॲसिडच्या गोळ्यांवर राहू नका. त्याने रक्तातली लक्षणं झाकली जातात आणि मज्जातंतूंचं नुकसान आतून चालूच राहतं.

कॅल्शियम, लोह, ड जीवनसत्त्व?

कॅल्शियमची शिफारस प्रौढांना रोज १००० मिलिग्रॅमची आहे. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास मिळतं. तीळ, राजगिऱ्याचा पाला, शेवग्याचा पाला, कढीपत्ता हे सगळं कॅल्शियमने भरलेलं आहे. पालकावर विसंबू नका, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं. विकतचं सोया किंवा ओट्सचं दूध घेतलंत तर कॅल्शियम घातलेलं आहे का ते पाकिटावर वाचा. घरी केलेल्यात ते फार नसतं.

लोहासाठी बाजरी, हळीव, हिरवा पाला, मोड आलेली कडधान्यं. सोबत लिंबू किंवा आवळा हवा, कारण क जीवनसत्त्वाने वनस्पतींतलं लोह नीट शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते अडतं. भाजीला लोखंडी कढई वापरा.

ड जीवनसत्त्व पुण्यातल्या भरपूर उन्हातही अनेकांचं कमी असतं, कारण आपण उन्हात असतोच कुठे? बाजारातलं डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनतं. दगडफुलासारख्या लायकेनपासून बनवलेलं डी-३ मिळतं, किंवा डी-२ घेता येतं. ओमेगा-३ साठी रोज चमचाभर जवसाची चटणी. जवस भाजून कुटलेलं हवं, अख्खं तसंच बाहेर पडतं. मीठ आयोडीनयुक्त घ्या. नुसतं सैंधव वापरणाऱ्या व्हीगन घरांना हा धोका असतो.

गरोदरपणात आणि लहान मुलांना चालेल का?

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या अकॅडमीने २०१६ मध्ये नीट आखलेला व्हीगन आहार आयुष्याच्या सगळ्या टप्प्यांत योग्य असल्याचं म्हटलं होतं. २०२५ च्या त्यांच्या नव्या निवेदनाचा आवाका मात्र प्रौढांपुरता आहे, गरोदर आणि स्तनदा माता सोडून. म्हणून या काळात आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर दोघेही सोबत हवेत, आणि बी-१२, लोह, आयोडीन यांत जराही हयगय नको.

बाळाला पहिले सहा महिने आईचं दूध. ते व्हीगन आहेच. आईचं दूध पुरत नसेल तर बालरोगतज्ज्ञ सांगतील तोच फॉर्म्युला. घरी केलेलं बदामाचं, सोयाचं, नारळाचं दूध वर्षाच्या आतल्या बाळाला दुधाच्या जागी कधीही देऊ नका. त्याने बाळाच्या जिवाला धोका होऊ शकतो.

पाकिटावर हिरवा ठिपका आहे, म्हणजे चालेल ना?

नाही. हिरव्या ठिपक्याच्या नियमात दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाश्यांचं मेण आणि लाख हे सगळं बसतं. मागे घटकांची यादी वाचावी लागते: दूध पावडर, व्हे, केसिन, बटर, मिल्क सॉलिड्स. घाई असेल तर ॲलर्जीची सूचना असते तिथे दूध लिहिलंय का, तेवढं आधी बघा. बिस्किटं, ब्रेड, मसाला लावलेले वेफर्स, झटपट सूप यांत दूध पावडर हमखास निघते.

एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांचे वेगळे नियम आणले. त्यांचं चिन्ह हिरवं, आत इंग्रजी व्ही आणि त्याला फुटलेलं पान. ते असेल तर निश्चिंत घ्या. नसेल तर पदार्थ व्हीगन नाही असा अर्थ होत नाही. शेंगदाण्याच्या चिक्कीला कोण चिन्ह लावणार?

साखरेबद्दलही विचारलं जातं. काही देशांत हाडांच्या कोळशाने साखर पांढरी करतात. आपल्याकडचे कारखाने साधारणपणे चुना आणि गंधक वापरतात.

बाहेर काय खाऊ?

मिसळ, दही-ताक बाजूला ठेवून. पाव कशाचा आहे आणि त्याला लोणी लावलंय का ते विचारून. वडापाव, भेळ, पाणीपुरी, कांदाभजी. उडप्याकडे इडली आणि साधा डोसा, ‘तूप-बटर नको’ असं सांगून. पंजाबी हॉटेलात नान टाळा, त्यात बहुधा दही किंवा दूध असतं. तंदुरी रोटी बिनलोण्याची मागा. डाळ फ्रायला तुपाची फोडणी असते, तेलाची देतात. खानावळीत पोळीला तूप लावू नका म्हटलं की कोणी वाईट वाटून घेत नाही.

बेकरीच्या बाबतीत सावध राहा. खारी, नानकटाई, क्रीमरोल यांत कुठे लोणी असतं, कुठे वनस्पती तूप; विचारल्याशिवाय कळत नाही. मस्तानी मात्र घरीच. हापूसचा रस, गोठवलेलं नारळाचं दूध, काजू, एकत्र फिरवायचं.

सणवार आणि उपास?

उकडीचे मोदक नारळ-गुळाचेच असतात. वरचं तूप सोडून नारळाचा रस घ्या; कोकणात नारळाचा रस पानात असतोच. पुरणपोळी तव्यावर तेलाने भाजा आणि नारळाच्या दुधासोबत वाढा. तिळगूळ, गुळाची पोळी यांना तेल पुरतं.

दिवाळीत चिवडा, चकली, कडबोळी, शेव सगळं तेलाच्या मोहनाने होतं. शंकरपाळे पाण्यात भिजवले तरी खुसखुशीत होतात, मोहन मात्र कडकडीत हवं. बेसनाचा लाडू अवघड वाटतो, पण रिफाइंड खोबरेलात बेसन मंद भाजलं की रंग आणि वास दोन्ही येतात. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली गोठतं, त्यामुळे पुण्याच्या दिवाळीतल्या थंडीत लाडू छान बसतात. दुपारी ऊन वाढलं तर फ्रीजमध्ये ठेवा. दसऱ्याच्या श्रीखंडाला काजूचा चक्का करता येतो. चव वेगळी येते, हे खाणाऱ्यांना आधीच सांगावं.

उपासाला भगर, दाण्याची आमटी, रताळी, राजगिऱ्याचे लाडू. साबुदाण्याची खिचडी शेंगदाणा तेलात करा.

नैवेद्याबद्दल वाद घालू नका. घरात पूजा आई किंवा सासूबाई करत असतील तर पंचामृत त्यांच्या पद्धतीने होऊ द्या. तुम्ही प्रसादाचं फळ घ्या.

घरचे ऐकत नाहीत. आईला वाईट वाटतं.

वाटणारच. तिने तुम्हाला दूध पाजून वाढवलंय, आणि आता तुम्ही म्हणता त्यात हिंसा आहे. तिच्या कानाला ते कसं लागत असेल याचा विचार करा. म्हणून गोठ्यांचे व्हिडिओ आईला पाठवू नका. स्वयंपाकघरात उभे राहा, स्वतः कोशिंबीर करा, दोन माणसांपुरती आमटी बिनतुपाच्या फोडणीची करून सगळ्यांना वाढा. माझ्या सासूबाईंनी आधी महिनोन् महिने काळजीने विचारलं, ‘अगं, हाडं ठिसूळ होतील तुझी.’ मी त्यांना रक्ततपासणीचे रिपोर्ट दाखवले आणि नाचणीची आंबील रोज करू लागले. आता ती आंबील त्याही घेतात, वरून ताक घालून. माझी काही हरकत नाही.

पुरुषांना हे जास्त अवघड जातं असं दिसतं, कारण अनेकांना स्वतःचं जेवण करता येत नाही आणि मग सगळा भार घरातल्या बाईवर पडतो. दादांनो, हा निर्णय तुमचा असेल तर आठवड्याचं दही तुम्ही लावा.

महाग पडतं का?

मंडईतली भाजी आणि किराणा दुकानातली कडधान्यं यांवर राहिलात तर खर्च कमी होतो, कारण दूध, तूप, पनीर हेच घरातले महागडे जिन्नस असतात. विकतचं वनस्पती-दूध साध्या दुधाच्या दुपटीहून महाग पडतं. व्हीगन चीज, आइस्क्रीम त्याहून. सव्वाशे ग्रॅम सोयाबीन भिजवून वाटलं की लिटरभर दूध निघतं. ते चांगलं उकळायचं, नाहीतर कच्चट वास जात नाही.

मध का नाही?

मध हा मधमाश्यांचा साठवलेला खाऊ आहे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, आणि परागीभवनासाठी मधमाश्या किती लागतात हे शेतकरी जाणतो. माश्या हव्यातच, त्यांचा मध आपल्याला लागतोच असं नाही. काकवी वापरा.

कपडे, चपला, शर्यती?

रेशमासाठी कोशातला किडा बहुधा वाफेने किंवा उकळत्या पाण्यात मारतात. म्हणून नवी पैठणी नाही. सुती इरकल, खण, मंगळगिरी आहे. कोल्हापुरी चामड्याची असते, तशाच बांधणीची रेक्झिनची मिळते, पण टिकायला कमी. जुन्या साड्या, पट्टे, चपला फेकू नका. आहेत त्या वापरा, नवं घेताना बदला. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी भारतात २०१४ पासून बंद आहे.

खेड, जुन्नर, आंबेगावकडच्या बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये मान्यता दिली. कायदेशीर आहेत, तरी मी बघायला जात नाही.

औषधाच्या कॅप्सूलमध्ये जिलेटिन असतं.

असतं. तरी औषध बंद करू नका. गोळीच्या किंवा सिरपच्या रूपात तेच औषध आहे का, ते डॉक्टरांना विचारा. नसेल तर कॅप्सूल घ्या.

माझ्या मांजरीलाही व्हीगन करू का?

नको. मांजर मांसावरच जगणारा प्राणी आहे, मांसातून मिळणाऱ्या टॉरिन या पोषकद्रव्याशिवाय तिचे डोळे आणि हृदय खराब होतात. कुत्र्याला नीट आखलेला वनस्पती-आहार चालू शकतो, पण पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच.

घरात लग्न आहे. केटररला कसं सांगू?

‘व्हीगन’ म्हणू नका, जैन म्हटलंय असं समजून कांदा-लसूण काढतील आणि तूप ठेवतील. मालकाला आणि आचाऱ्याला, दोघांनाही सांगा: दूध, दही, ताक, तूप, लोणी, खवा, पनीर, मध नको, तेल चालेल. पदार्थ नावानिशी ठरवा. मसालेभात तेलात, वर ओलं खोबरं; बटाट्याची भाजी; अळूची भाजी; दाण्याची चटणी; पुऱ्या तेलात तळलेल्या आणि पिठात दूध न घातलेल्या; गोडाला नारळाची गुळातली वडी. मठ्ठ्याच्या जागी सोलकढी सगळ्यांसाठीच ठेवा, पाहुणे खूश होतात. मसालेभातावर तूप वाढणाऱ्या मुलाला पंगत बसायच्या आधी तुमची जागा दाखवून ठेवा, तो सवयीने वाढत जातो. आणि आदल्या संध्याकाळी एक फोन करा, कारण ऐनवेळी आचारी बदललेला असतो.